"किती बारीक झालीस गं!" यावर काय बोलायचं?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. अडखळणं आणि 'अं, म्हणजे' तेवढं काढलंय. बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

   

आज एका वाक्याबद्दल बोलायचंय. तुम्ही हे वाक्य ऐकलं असेल, नाहीतर नक्की बोलला तरी असाल. "अगं, किती बारीक झालीस!" मुलांसाठी ह्याचंच दुसरं रूप, "काय रे, कुठे गेलं पोट?" मग ह्या वाक्याची सगळी भावंडं येतात. "मी तर ओळखलंच नाही." "काय करतेस? आम्हालाही सांग की." "किती किलो?" "आता बास हं, चेहरा उतरलाय." आणि सगळ्यात भारी म्हणजे, "आधी काय होतीस गं तू!"

वजन कमी झाल्यावर काय खायचं, किती चालायचं हे सांगणारे हजार व्हिडिओ आहेत. पण वजन कमी झाल्यावर लोक जे बोलतात, त्यावर काय उत्तर द्यायचं हे कुणी शिकवत नाही. मलाही येत नव्हतं. आणि येत नव्हतं म्हणून माझ्याकडून एक चूक झाली. आजचा भाग त्या चुकीवर आहे.

आधीच सांगून टाकते, आज डाएटची एकही टीप मिळणार नाही. त्यासाठी आलेल्यांनी निराश होऊ नका, थांबा थोडं.

तर झालं असं. दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझं एचबीए१सी ६.२ आलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ह्या तपासणीत मागच्या साधारण तीन महिन्यांत रक्तातली साखर सरासरी किती राहिली ते कळतं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. माझं वय तेव्हा २७. बाबांना मधुमेह, आजोबांना होता. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "घाबरायचं कारण नाही, पण दुर्लक्ष करायचं वयही नाही." मग चालणं, रात्रीचं जेवण लवकर, झोप, हे सगळं हळूहळू. १४ महिन्यांत वजन ८३ वरून ६८ वर आलं. १५ किलो.

हे साखरेचं प्रकरण घरात फक्त आईला आणि ताईला माहीत होतं. का, ते पुढे सांगते.

गेल्या वर्षी गौरींना आम्ही सगळे कराडजवळच्या आमच्या मूळ घरी जमलो. गौरी म्हणजे आमच्याकडे घर गच्च भरलेलं. काका-काकू, आत्या, चुलत भावंडं, शेजारपाजार. ताईपण लेकीला घेऊन आली होती. माझी भाची, वय १२, सातवीत.

मी दारात चप्पल काढतेय तोच सुरू झालं. मोठी काकू म्हणाली, "अगंबाई, ही कोण पोरगी आली?" आत्याने मला गोल फिरवून पाहिलं, साडीच्या दुकानात पुतळ्याला फिरवतात तसं. चुलत भाऊ म्हणाला, "अर्धी कुठे ठेवून आलीस?" मला सांगा, अशा वेळी माणूस काय करतो? लाजतो, हसतो आणि तोंडाला येईल ते बोलतो. माझ्या तोंडाला एक विनोद आला. मी म्हटलं, "अहो, घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. मी तेवढा अख्खा संपवलाय! आधी सिलिंडरच होते की मी."

सगळे खो खो हसले. विनोद हिट झाला म्हटल्यावर मी तो दिवसभर चालवला. नवा पाहुणा आला की पुन्हा सिलिंडर. स्वयंपाकघरात सिलिंडर, अंगणात सिलिंडर. काकू तर पुढे पुढे स्वतःच सांगायला लागली, "ही आमची सिलिंडर बरं का!"

दुपारी पंगत बसली. पुरणपोळी, कटाची आमटी, अळूची भाजी, कुरडई, भजी, सगळं पान भरून. भाची माझ्या शेजारी. काकू वाढत वाढत आली, माझ्याकडे पाहिलं, मग भाचीकडे पाहिलं आणि म्हणाली, "बघ गं, मावशीकडून शिक जरा. आत्तापासून लक्ष दिलं तर बरं." आणि तिच्या पानात अर्धी पोळी ठेवून पुढे गेली.

मी ऐकलं. आणि मी हसले. मंडळी, खरं सांगते, मी नुसती हसले. भाचीने ती अर्धी पोळीही पूर्ण खाल्ली नाही. मी म्हटलं, "का गं?" ती म्हणाली, "पोट भरलं."

रात्री आम्ही दोघी माडीवर झोपलो होतो. खाली झिम्मा-फुगडी चालू होती. अंधारात तिने विचारलं, "मावशी, मीपण सिलिंडर आहे का?"

...

मला काहीच बोलता आलं नाही. काही सेकंद तर नाहीच.

मग मी तिला सांगितलं की ह्या वयात मुलींचं शरीर भराभर बदलतं, उंची वाढायच्या आधी कधी कधी अंग भरतं, ते अगदी नैसर्गिक आहे, तू वाढतेयस. सगळं खरं आहे हे. पण पोरगी हुशार. ती म्हणाली, "मग तू का कमी केलंस?" मी तिला साखरेचं सांगितलं. रिपोर्टचं, डॉक्टरांचं. ती उठून बसली. म्हणाली, "मग हे का नाही सांगितलंस सगळ्यांना? सिलिंडर का म्हणालीस?"

आता ह्याचं खरं उत्तर तुम्हाला देते. तेव्हा माझ्यासाठी स्थळं बघत होते. आणि आपल्याकडे "मुलीला शुगर आहे" हे तीन शब्द एकदा बाहेर पडले की काय होतं ते मी नव्याने सांगायला नको. उंबरठा वगैरे कुणी ऐकत नाही. म्हणून आम्ही तिघींनी ठरवलेलं, बोलायचं नाही. ते ठरवणं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. माझा रिपोर्ट, माझी मर्जी. चूक पुढची होती. खरं कारण झाकायला मी जे पांघरूण निवडलं ते स्वतःची टिंगल करण्याचं होतं. मला वाटलं, मी माझ्यावर हसतेय, ह्यात कुणाचं काय जातं? पण मी ८३ किलोच्या माझ्यावर हसत होते, आणि तसंच अंग असलेली एक मुलगी माझ्या शेजारी बसून ते ऐकत होती.

त्या रात्री मला कळलेली गोष्ट अशी: वजनाबद्दलच्या बोलण्यावर आपण जे उत्तर देतो, ते विचारणारा दोन मिनिटांत विसरतो. ते लक्षात ठेवतो शेजारी बसून ऐकणारा. जो काही बोलत नाही, तो.

तेव्हापासून मी उत्तर देताना आधी आजूबाजूला कोण आहे ते बघते.

बरं, आता तुम्ही म्हणाल, मग ह्या काकू-आत्यांना दोनचार शब्द सुनवायचे की नाही? थांबा. त्यांच्या बाजूने थोडं बोलू दे मला.

आपल्या भाषेतच बघा. "तब्येत" हा शब्द. तब्येत म्हणजे प्रकृती. पण "तब्येत सुधारली हं तुझी" म्हणजे काय? तू जाड झालास! "तब्येत कमावली" म्हणजे अंग कमावलं. बाळाने बाळसं धरलं म्हणजे आनंद. आणि बारीक होण्यासाठीचे शब्द बघा: सुकली, वाळली, रोडावली, खंगली, हडकली. सगळे आजारपणाचे नाहीतर हालअपेष्टांचे. टीबीला आपण क्षय म्हणतो. क्षय म्हणजे झिजणं, कमी कमी होत जाणं. आजीच्या पिढीने भूक पाहिली, दुष्काळ पाहिला, क्षयाने माणसं गेलेली पाहिली. त्यांच्यासाठी अंगावरचं मांस म्हणजे घरात धान्य असल्याची खूण. त्यामुळे आजी "सुकलीस गं" म्हणते तेव्हा ती आपल्या दिसण्यावर बोलत नसते. ती विचारत असते की तुझं बरं चाललंय ना, कुणी त्रास देत नाही ना.

आणि हे सगळं काही जुनं झालेलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे आहेत. १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी जवळपास १९ टक्के उंचीच्या मानाने कमी वजनाच्या, आणि २४ टक्के जास्त वजनाच्या. म्हणजे एकाच देशात दोन्ही काळजा शेजारी शेजारी नांदतायत. एकाच पंगतीत एकीला "खा गं" म्हणायची गरज आहे आणि दुसरीला डॉक्टरांनी "जपून" म्हटलंय. वाढणाऱ्याला कसं कळणार कोण कुठली?

नाहीच कळत. आणि इथेच माझ्या एका मित्राची गोष्ट सांगायची आहे. त्याला विचारूनच सांगतेय.

हा माझ्याबरोबर कामाला. ७१ किलोचा, थोडं पोट सुटलेलं. मधे तो बारीक व्हायला लागला. आम्ही सगळे खूश! "काय रे, जिम लावलीस?" "भाई, जॉलाइन दिसायला लागली." मी स्वतः त्याला म्हटलंय, "मस्त दिसतोयस." तो काय म्हणायचा? "हो, सकाळी पळतो." पळत-बिळत काही नव्हता. खोकला होता, तो धुळीचा म्हणून सोडून दिलेला. संध्याकाळी अंग कोमट, ते थकव्याचं. रात्री घाम, तो उकाड्याचा. तो मला नंतर म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा लोक माझ्या शरीराबद्दल चांगलं बोलत होते. मला ते थांबवायचं नव्हतं." तीन महिन्यांत नऊ किलो गेले.

दिवाळीला तो गावी गेला. आईने दारातच पाहिलं. "सुकलास रे" म्हणाली. पण एवढ्यावर थांबली नाही. "जेवतोस का? झोपतोस का? खोकला कधीपासून?" आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. थुंकीची तपासणी, छातीचा एक्स-रे. टीबी निघाला. सहा महिने औषधं, एक दिवस न चुकवता. आज तो ठणठणीत आहे.

म्हणजे बघा, त्याच्या शरीराबद्दल आम्हीपण बोललो आणि त्याची आईपण बोलली. आम्ही शाबासकी देऊन निघून गेलो. ती प्रश्न विचारून तिथेच थांबली.

म्हणून ऐकणाऱ्या सगळ्यांना एक निरोप, अगदी गंभीरपणे. काहीही न करता वजन उतरत असेल, सहा महिने ते वर्षभरात वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त, म्हणजे ७० किलोच्या माणसाचे साडेतीन किलोपेक्षा जास्त, तर लोक कितीही "मस्त" म्हणोत, डॉक्टरांना दाखवा. त्यामागे थायरॉइड असू शकतं, मधुमेह असू शकतो, मनावरचा ताण असू शकतो, आणखीही काही असू शकतं. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम असेल तर टीबीची तपासणी कराच. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत आहेत.

ठीक. आता येते उत्तरांवर. मी जी वापरून पाहिली आणि जी टिकली, तेवढीच सांगते.

पहिलं. "छान दिसतेस!" एवढंच कुणी म्हटलं तर काय करायचं? "थँक यू" म्हणायचं. आणि थांबायचं. हे ऐकायला सोपं वाटतं, करून बघा! आपल्याला थांबताच येत नाही. लगेच आपण जोडतो, "अगं कुठे, अजून पोट आहेच" किंवा "हा ड्रेसच तसा आहे." समोरच्याने प्रेमाने दिलेली वस्तू आपण त्याच्याच हातात परत कोंबतो. थँक यू, आणि पूर्णविराम. मग विषय बदला. "तू कशी आहेस? कॉलेज काय म्हणतंय?"

दुसरं. आजी, आजोबा, गावाकडची म्हातारी माणसं. "सुकलीस गं बाय." इथे लेक्चर द्यायचं नाही. त्यांना हवी असते खात्री. मी जवळ जाऊन बसते आणि म्हणते, "आजी, बघ, हात लावून बघ, तब्येत एकदम टणटणीत आहे. रोज तासभर चालते. तू कशी आहेस, गुडघा काय म्हणतोय?" पाच मिनिटं गुडघ्यावर बोललात की सुकण्याचा विषय संपतो. आणि आजीने वाढलं तर थोडं आनंदाने खायचं. अर्धा लाडू खाल्ल्याने पंधरा किलो परत येत नाहीत.

तिसरं. "किती किलो कमी केलंस?" आकडा सांगायचा की नाही हे तुम्ही ठरवा. मला सांगायचा नसेल तर मी म्हणते, "आकडा मी आणि माझे डॉक्टर, आमच्यातच ठेवलाय." आवाज हसरा ठेवायचा. तरी पुन्हा विचारलं तर तेच वाक्य, तसंच हसून. तिसऱ्यांदा कुणी विचारत नाही, स्वानुभव आहे. आज तुम्हाला मी आकडा सांगितला, कारण मला सांगायचा होता. काकूला नव्हता सांगायचा, तरी सिलिंडरच्या निमित्ताने सांगून बसले. फरक आहे ना?

चौथं हल्लीचं आहे. "इंजेक्शन घेतेस का गं?" मार्च २०२५ मध्ये मौंजारो भारतात आलं तेव्हापासून हा प्रश्न लग्नाच्या हॉलपर्यंत पोचलाय. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फणकारले, "छे, मी मेहनतीने केलंय!" नंतर कळलं, त्याच घोळक्यात एक ताई होत्या ज्या डॉक्टरांच्या सल्ल्याने तेच औषध घेत होत्या. मधुमेहासाठी. माझ्या एका "छे" ने त्या आळशी ठरल्या. पुन्हा तेच, शेजारी ऐकणारं माणूस! आता मी म्हणते, "औषधपाण्याचं मी डॉक्टरांशीच बोलते हो." हो पण नाही, नाही पण नाही. कुणाचा अपमानही नाही.

पाचवं. "आता बास, चेहरा उतरलाय, आधीच बरी दिसायचीस." ह्याला वाद घालू नका. "तुम्हाला काळजी वाटली ना, कळलं मला. तपासण्या करून घेतल्यात, सगळं नीट आहे." झालं.

सहावं. वजन आजारपणाने, बाळंतपणानंतर, कुणी गेल्याच्या दुःखाने, नोकरी गेल्याच्या काळजीने कमी झालं असेल तर? तुम्ही कुणालाही कारण द्यायला बांधील नाही. आणि खोटं बोलायचीही गरज नाही, माझ्या मित्रासारखं "पळतो" म्हणायची. "मधे थोडे दिवस कठीण गेले, आता बरं चाललंय" एवढं पुरेसं आहे. ज्याला खरंच आस्था आहे तो नंतर एकट्याने फोन करेल. त्याला सांगा. हॉलभर सांगू नका.

सातवं माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. तुमचं कौतुक करताना कुणी दुसऱ्याला मधे ओढलं तर. "बघ, हिच्याकडून शिक." इथे हसून चालणार नाही. इथे बोलायचं. चिडून नाही, पण त्याच क्षणी, आणि ज्याला ओढलं त्याला ऐकू जाईल असं. "काकू, तिला नको मधे घेऊ. ती आहे ती छान आहे." बस. तेवढ्या एका वाक्यासाठी मी गेल्या वर्षीची ती पंगत परत मागून घ्यायला तयार आहे.

आणि आठवं, एक वेगळा प्रश्नकर्ता असतो. तो सगळ्यांसमोर विचारत नाही. सगळे उठल्यावर, हात धुताना, जिन्यात, हळूच विचारतो. "तू नक्की काय केलंस गं? मला जमेल का?" ह्या माणसाला एका ओळीत वाटेला लावू नका. ह्याच्या मागे बरंच काही असतं. मला अशी माझी एक वहिनी भेटली. मी तिला म्हटलं, "वहिनी, माझं मला डॉक्टरांनी सांगितलेलं, तुझं वेगळं असेल. आधी तपासणी कर. आणि संध्याकाळी चालायला जाताना मला फोन लाव, आपण बोलत बोलत चालू." ती कराडला चालते, मी पुण्यात. वजनाबद्दल आम्ही क्वचितच बोलतो. सासूबद्दल भरपूर बोलतो.

एक गोष्ट अजून. कौतुकाची सवय लागते बरं का. लोक "वा वा" म्हणतात, बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण तेच लोक, तेच डोळे, वजन दोन किलो वाढलं तरी तितक्याच वेगाने टिपतात. ह्या पावसाळ्यात चालणं बंद पडलं आणि माझे तीन किलो परत आले. एका लग्नात कुणीच काही बोललं नाही, आणि ती शांतता मला चक्क टोचली! तेव्हा जाणवलं, आपण कौतुकावर किती टेकलो होतो. घरी येऊन रिपोर्ट काढून पाहिला. एचबीए१सी ५.५. जे साधायचं होतं ते साधलंय अजून. लोकांनी बोलावं म्हणून सुरू केलेलंच नव्हतं मी हे.

आणि आपण बोलणाऱ्याच्या बाजूला असू तेव्हा? खूप दिवसांनी कुणी भेटलं, बारीक दिसलं, जीभ वळवळली, तर मी आता विचारते, "किती दिवसांनी भेटतेयस! कशी आहेस?" त्याला मिरवायचं असेल तर तो स्वतःच सांगतो, मग मनसोक्त कौतुक करा. सांगायचं नसेल तर त्याची सुटका. आणि खरंच काळजी वाटली तर त्या मित्राच्या आईसारखं करा. बाजूला घ्या, विचारा आणि उत्तर ऐकायला थांबा.

शेवटी भाचीचं सांगते आणि थांबते. गौरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला सॉरी म्हटलं. तिने "ओके" म्हटलं, बाराव्या वर्षी म्हणतात तसं, मोबाइलमधून मान वर न करता. मला कळेना, पोचलं की नाही. मग मी काकूकडेही गेले. एकटीच होती, निरांजनं घासत. म्हटलं, "काकू, ते सिलिंडरचं आता बंद करू आपण. पोरगी मनाला लावून घेते." काकू गप्प झाली. मग म्हणाली, "मला लहानपणी भोपळा म्हणायचे गं." आणि परत घासायला लागली. ह्यावर मी काय बोलणार?

दिवाळीत पुन्हा सगळे जमलो. एक लांबच्या नात्यातल्या आजी आल्या, मला बघून म्हणाल्या, "अगो, केवढी बारीक झालीस!" घर भरलेलं. भाची तिथेच फरशीवर रांगोळीचे डबे घेऊन बसलेली. मी म्हटलं, "थँक यू आजी. ही चकली कुणी केलीय, एवढी खुसखुशीत?" आजी लगेच भाजणीच्या प्रमाणावर सुरू झाल्या.

मी हळूच भाचीकडे पाहिलं. ती रांगोळीत निळा भरत होती. तिने मान वर केलीच नाही. तिच्यासाठी त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतंच.

मंडळी, एवढंच हवं होतं मला.

तर आज इतकंच. येत्या लग्नसराईत कुणी तुम्हाला गोल फिरवून पाहिलं तर ह्यातलं एखादं वाक्य वापरून बघा, आणि बोलण्याआधी शेजारी कोण बसलंय तेवढं बघा. काळजी घ्या, वेळेवर जेवा, आणि भेटू पुढच्या भागात. नमस्कार!